प्राणवायुमापकाची साक्ष व तिची पारख
(बोडी, तलाव व शेततळें यांत मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यांसाठीं)

भाताची बांधी आणि तिच्या माथ्यावर तलाव किंवा बोडी, ही गोंदिया जिल्ह्यांतील शेतीची जुनी जोडी होय. १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला, तेव्हां तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची जी ख्याति होती तिचा मोठा वांटा याजकडे आला. ज्याच्या निर्मितीचें श्रेय परंपरा कोलू पटेल कोहळी यांस देते तो नवेगांव बांधचा विस्तीर्ण जलाशय, तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा व चोरखमारा, आणि गांवोगांवचे लहानमोठे मालगुजारी तलाव, या सर्वांचें पहिलें काम भाताला पाणी देणें हेंच होतें. सन १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले व 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. या पाण्यांत ढीवर बंधु पिढ्यानपिढ्या मासेमारी करीत आले आहेत. त्यांच्या जोडीला आतां स्वतःच्या बोडींत वा शेततळ्यांत कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडणारा शेतकरीही उभा राहिला आहे.

या नव्या मत्स्यपालकाच्या हातीं हल्लीं एक लहानसें यंत्र दिसूं लागलें आहे. लांब तारेच्या टोकाला बोटाएवढी नळी असते. ती पाण्यांत सोडली कीं पाण्यांत विरघळलेला प्राणवायु किती, हें कांचेवर आंकड्यांत उमटतें. यंत्र उपयोगाचें आहे यांत शंका नाहीं. परंतु आंकडा उमटला म्हणजे पाण्याची खरी स्थिति कळली, असा जो समज त्याबरोबर पसरत आहे तो धोक्याचा आहे. आंकडा ही एका साक्षीदाराची साक्ष होय. साक्षीदार प्रामाणिक आहे कीं नाहीं हें ज्याप्रमाणें आधींच ठाऊक असलेल्या गोष्टी विचारून पाहतात, त्याचप्रमाणें या यंत्रासही ज्यांचें उत्तर आपणांस निश्चित ठाऊक आहे अशा वस्तूंपुढें उभें करून पाहिलें पाहिजे. त्या वस्तु कोणत्या, व यंत्र चुकूं लागल्यास दोष कसा हुडकावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

चुकीच्या आंकड्याची किंमत

दर लिटर पाण्यांत पांच मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्राणवायु असेल तर कटला-रोहूचें ठीक चालतें. तो तीनच्या खालीं उतरला कीं त्यांची भूक मंदावते, वाढ खुंटते व रोगांस वाव मिळतो. आणि एकाच्या आसपास तो बराच वेळ राहिला तर मासे मरूं लागतात. म्हणजे सुखाचें पाणी व घातक पाणी यांमध्यें अंतर तें केवळ चार मिलिग्रॅमचें. यंत्र दीड-दोन मिलिग्रॅमनें चुकलें तर तेवढ्यानेंच सर्व हिशेब उलटतो.

यंत्र अधिक दाखवीत असेल तर शेतकरी निर्धास्त झोपतो आणि पहांटे पाळीवर येऊन पाहतों तों पांढऱ्या पोटांचे मासे वर तरंगत असतात. यंत्र कमी दाखवीत असेल तर तो रात्रभर पंप चालवून डिझेल किंवा वीज व्यर्थ खर्च करितो, अथवा घाबरून अर्धवट वाढलेला मासा मिळेल त्या भावानें विकून टाकतो. तिसरें नुकसान याहूनही वाईट आहे. मासे एकाएकीं मेले व यंत्र तर प्राणवायु भरपूर दाखवीत आहे, असें झालें कीं 'कोणीतरी विष टाकलें' हा संशय उठतो. ज्या गांवीं एकाच पाण्यावर भातवाले व मासेवाले या दोघांचा हक्क असतो, तेथें असा संशय वर्षानुवर्षें टिकणारें वैर निर्माण करूं शकतो. म्हणून यंत्राची पारख करणें हें केवळ हौशी माणसाचें काम नसून व्यवहाराचें काम आहे.

यंत्र मोजतें तें काय?

या यंत्राचा मूळ नमुना अमेरिकेंतील लीलंड क्लार्क या शास्त्रज्ञानें सन १९५६ मध्यें प्रसिद्ध केला. त्याला रक्तांतील प्राणवायु मोजावयाचा होता. तलावांवर तें पुढें आलें. नळीच्या टोकाशीं सोनें किंवा प्लॅटिनम या धातूचा एक बारीक ध्रुव, आंत रुप्याचा दुसरा ध्रुव, दोहोंमध्यें पोटॅशियम क्लोराइडचें द्रावण, आणि तोंडावर ताणून बसविलेला अतिशय पातळ पापुद्रा, अशी त्याची रचना आहे. पाण्यांतील प्राणवायु पापुद्र्यांतून आंत झिरपतो व ध्रुवावर खर्च होतो. त्या खर्चाच्या प्रमाणांत विजेचा अत्यल्प प्रवाह वाहतो. यंत्र मोजतें तो हा प्रवाह. मिलिग्रॅमचा आंकडा तें त्यावरून, उष्णमान, हवेचा दाब व पाण्याची क्षारता हिशेबांत धरून, काढून दाखवितें. या साखळींतील कोणतीही कडी कच्ची असली तर शेवटचा आंकडा खोटा ठरतो.

बाजारांत मिळणारीं यंत्रें तीन जातींचीं असतात. पहिल्या जातींत ध्रुवांना बाहेरून विजेचा दाब द्यावा लागतो. असें यंत्र सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटें तसेंच ठेवावें लागतें, नाहींतर प्रथमचे आंकडे भलतेच उंच येतात. दुसऱ्या जातींत शिसें किंवा जस्त यांचा ध्रुव असतो व प्रवाह आपोआप उत्पन्न होतो. तेथें थांबावें लागत नाहीं, परंतु तो धातु झिजत जातो. तिसरी जात प्रकाशावर चालते: टोंपणावर एक रंगद्रव्य असतें, त्यावर प्रकाश पाडला कीं तें चमकतें, व प्राणवायु जितका अधिक तितकी ती चमक मंद होते. आपणाजवळील यंत्र कोणत्या जातीचें आहे हें त्याच्या पुस्तिकेंत पाहून ठेवावें. कारण पुढील उपचार त्यावर अवलंबून आहेत.

पहिली कसोटी: हवा

निसर्गानें एक प्रमाणभूत माप सर्वांस फुकट दिलें आहे, तें म्हणजे मोकळी हवा. कोरड्या हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २०.९५ असतें, व तें शेतावर, गांवांत किंवा डोंगरावर एकच असतें. अशा हवेशीं पुरेसा संबंध आलेल्या स्वच्छ पाण्यांत किती प्राणवायु मावतो, हेंही निश्चित ठरलेलें आहे. गोंदियाचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारें १,००० फूट उंच असल्यामुळें येथील हवेचा दाब थोडा कमी, आणि म्हणून पाण्यांत मावणारा प्राणवायुही समुद्रकांठापेक्षां शेंकडा साडेतीनच्या सुमारास कमी असतो. तो हिशेब धरून पुढील आंकडे दिले आहेत:

पाण्याचें उष्णमान २० अंश: दर लिटरमागें सुमारें ८.८ मिलिग्रॅम
२५ अंश: सुमारें ८.० मिलिग्रॅम
३० अंश: सुमारें ७.३ मिलिग्रॅम
३५ अंश: सुमारें ६.७ मिलिग्रॅम

पाणी जों जों तापतें तों तों त्यांत प्राणवायु कमी मावतो, हें यावरून ध्यानांत येईल. मे महिन्यांत तलाव आटलेला व पाणी तापलेलें असतां मासे अडचणींत येतात त्याचें एक कारण हेंच होय.

कसोटी घेण्याची रीत अशी. स्वच्छ पाणी एका बादलींतून दुसऱ्या बादलींत उंचावरून पुन्हांपुन्हां ओतावें, किंवा मत्स्यपेटीच्या लहान पंपानें अर्धा तास त्यांतून हवेचे बुडबुडे सोडावे. साध्या उष्णतामापकानें पाण्याचें उष्णमान पाहावें. मग यंत्राची नळी त्यांत हलकेच फिरवीत धरावी व आंकडा वरील कोष्टकाशीं ताडून पाहावा. पाव मिलिग्रॅमचा फरक सोडून द्यावा. अर्ध्याहून अधिक फरक आला तर यंत्र पुन्हां जुळवून घेतलें पाहिजे.

जुळवणी करावयाची ती ओलसर हवेंत. बाटलीच्या तळाशीं भिजविलेला स्पंज ठेवून नळी आंत अशी लटकवावी कीं तिचें टोंक पाण्यास लागणार नाहीं. बाटली सावलींत दहा-पंधरा मिनिटें ठेवावी व नंतर यंत्रास शेंकडा १०० चा आंकडा लावावा. येथें तीन चुका वारंवार होतात. पापुद्र्यावर पाण्याचा थेंब राहूं देणें, बाटली उन्हांत ठेवणें, आणि मळलेला पापुद्रा न पुसतां जुळवणी करणें, या त्या होत. तिसरी चूक विशेष फसवी आहे. मळलेल्या पापुद्र्यावर शंभर लावले आणि पुढें तो पापुद्रा स्वच्छ केला, तर त्या दिवसापासून यंत्र सर्वत्र प्राणवायु अधिक दाखवूं लागतें.

दुसरी कसोटी: शून्य

ज्या ताजव्यावर एकच वजन बरोबर उतरतें तो ताजवा खरा, असें कोणी म्हणत नाहीं. हवेच्या कसोटीस उतरलेलें यंत्र प्राणवायु कमी असलेल्या पाण्यांतही खरें बोलेल, हें गृहीत धरूं नये. आणि आपणांस तर त्याच पाण्याची चिंता असते. म्हणून ज्यांत प्राणवायु मुळींच नाहीं असें पाणी घरीं तयार करून त्यांत यंत्र बुडवून पाहावें.

रासायनिक द्रव्यांच्या दुकानांत सोडियम सल्फाइट नांवाची पांढरी भुकटी मिळते. ती पाण्यांतील प्राणवायु शोषून घेते. पेलाभर, म्हणजे सुमारें २०० मिलिलिटर, पाण्यांत दहा ग्रॅम भुकटी विरघळवून नळी आंत सोडावी. कांहीं मिनिटांत आंकडा शून्याच्या अगदीं जवळ आला पाहिजे. तो अर्ध्या मिलिग्रॅमवर किंवा त्याहून वर अडून बसला तर पापुद्रा फाटलेला आहे, आंतील द्रावण संपलें आहे किंवा तारेच्या जोडांत ओल शिरली आहे, असें समजावें. मात्र आधीं भुकटी ताजी आहे याची खात्री करावी. उघड्या डब्यांत दमट झालेली भुकटी निकामी होते व मग आरोप विनाकारण यंत्रावर येतो. कसोटी संपतांच नळी स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुवावी. उरलेलें द्रावण बोडींत ओतूं नये, कारण तें तेथीलही प्राणवायु खाईल.

लक्षणांवरून दोषाची परीक्षा

वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो तसा यंत्राचाही दोष बहुधा ओळखतां येतो. आरंभ नेहमीं बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावा. बॅटरी उतरली आहे काय? आंकडा मिलिग्रॅममध्यें आहे कीं शेंकड्यांत? एकच कळ दाबली गेल्यानें माप बदलतें, आणि 'पंच्याऐंशी' हा आंकडा पाहून माणूस गोंधळतो. तो मिलिग्रॅमचा असूंच शकत नाहीं, शेंकड्याचाच असला पाहिजे. क्षारतेचा आंकडा शून्यावर आहे काय? आपलें पाणी गोडें आहे. यंत्र जर समुद्राच्या पाण्यासाठीं लावलेलें राहिलें तर तें खऱ्यापेक्षां पांचवा हिस्सा कमी प्राणवायु दाखवितें.

आंकडा नाचत असेल, एका ठिकाणीं ठरत नसेल, तर पापुद्र्याखालीं हवेचा बुडबुडा अडकला आहे, टोंपण सैल आहे किंवा पापुद्र्यास सूक्ष्म छिद्र आहे, असें धरावें. टोंपण काढून नवें द्रावण भरावें, बोटानें हलकेच टिचक्या मारून बुडबुडे काढावे व पापुद्रा सुरकुती न पडतां बसवावा. नव्या पापुद्र्यास स्थिरावण्यास कांहीं तास लागतात. त्याच घटकेस त्याजवर भरंवसा ठेवूं नये.

आंकडा प्रथम ठीक येऊन हळूहळू उतरत असेल तर दोष यंत्राचा नसून धरणाऱ्याच्या हाताचा असण्याचा संभव अधिक. पापुद्र्याचें यंत्र स्वतः प्राणवायु खर्चीत असतें, हें वर सांगितलेंच आहे. निश्चळ पाण्यांत तें आपल्या तोंडापुढील प्राणवायु खाऊन टाकतें व मग कमी मोजतें. नळी सावकाश वरखालीं हालवीत राहिलें कीं आंकडा पूर्ववत् होतो. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रास ही अडचण येत नाहीं.

आंकडा सर्वत्र कमी येत असेल तर पापुद्र्यावर शेवाळाचा किंवा गाळाचा थर बसला आहे काय तें पाहावें व मऊ ओल्या फडक्यानें तो पुसावा. टोंपण काढल्यावर आंतील रुप्याचा ध्रुव काळा पडलेला दिसला तर तें तळाच्या चिखलाचें काम होय. ज्या बोडींत शेण, पालापाचोळा किंवा तोडून टाकलेलें बेशरम कुजत असतें तिच्या तळाशीं सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायु उत्पन्न होतो. तो पापुद्र्यांतून शिरून रुपें काळें करितो. असा ध्रुव पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें साफ करावा. नळी चिखलांत रुतूं देऊं नये, हा त्यावरील खरा प्रतिबंध.

आंकडा पाणी बदललें तरी बदलतच नसेल, किंवा थंड व ऊन पाण्यांत विचित्र वागत असेल, तर उष्णमान मोजणारा भाग बिघडला असावा. पापुद्र्यांतून झिरपणारा प्राणवायु दर अंशामागें शेंकडा तीनच्या सुमारास बदलतो व यंत्र तो फरक आपल्या उष्णमानाच्या आंकड्यावरून भरून काढतें. तो आंकडाच पांच अंशांनीं चुकला तर प्राणवायूचाही आंकडा बराच चुकतो. साधा उष्णतामापक शेजारीं धरला कीं हा दोष एका मिनिटांत उघडा पडतो. प्रकाशाच्या यंत्राचें टोंपण ऊन लागून व जुनें होऊन निकामी होतें. तें अंधारांत व ओलसर ठेवावें आणि पुस्तिकेंत दिलेली मुदत संपतांच बदलावें.

तिसरा साक्षीदार: विंक्लरची रीत

दोन यंत्रें दोन निरनिराळे आंकडे सांगूं लागलीं तर निर्णय कोणी द्यावा? त्यासाठीं विजेची मुळींच गरज नसलेली एक जुनी रीत आहे. बुडापेस्ट येथील लायोश विंक्लर यानें ती सन १८८८ मध्यें प्रसिद्ध केली व आजही ती प्रमाण मानली जाते. कांचेच्या बुचाच्या बाटलींत बुडबुडा न शिरूं देतां पाणी भरतात. त्यांत मँगनीज सल्फेट व अल्कली मिसळलेलें आयोडाइड घालतात. पाण्यांत प्राणवायु असेल तर तपकिरी सांका बसतो. मुळींच नसेल तर सांका पांढरा राहतो. एवढ्यावरूनच पुष्कळ कळून येतें. नंतर तीव्र सल्फ्यूरिक आम्ल घालतांच सांका विरघळून आयोडीनचा पिवळा रंग येतो. त्यांतील २०० मिलिलिटर पाणी घेऊन, थोडी पिष्टाची पेज घालून, ठराविक शक्तीचें सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडावें. निळा रंग नाहींसा होईल तेथें थांबावें. द्रावणाची शक्ति ०.०२५ नॉर्मल असेल तर जितके मिलिलिटर लागले तितकेच दर लिटरमागें मिलिग्रॅम, असा सोपा हिशेब पडतो.

तीव्र आम्लाशीं संबंध असल्यामुळें ही परीक्षा घरीं मुलाबाळांत करूं नये. महाविद्यालयाच्या रसायनशाळेंत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं वर्षांतून एक-दोन वेळां ती करवून घ्यावी. पहिलीं दोन द्रावणें तलावाच्या कांठींच घातलीं म्हणजे प्राणवायु बांधला जातो. मग बाटली सावलींत ठेवून त्याच दिवशीं शाळेंत नेतां येते. पाण्याचा नमुना घेतांना त्याच जागीं, त्याच खोलीवर यंत्राचाही आंकडा टिपावा. दोहोंचा मेळ बसला तर यंत्रावर विश्वास ठेवण्यास आधार मिळाला.

आंकडा खरा, निष्कर्ष खोटा

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पोहराच फुटका असेल तर आड भरलेला असूनही तो रिकामा वर येतो. त्या फुटक्या पोहऱ्याचा विचार येथवर केला. परंतु पोहरा धड असून तो भलत्या वेळीं किंवा भलत्या ठिकाणीं सोडला, तरीही फसगत होते. यंत्रास दोष देण्यापूर्वीं हें अवश्य तपासावें.

हिरव्या पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति दिवसा सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतात आणि रात्रीं, मासे व गाळ यांच्याबरोबर, त्या स्वतःच तो खातात. म्हणून एकाच बोडींत दुपारीं तीन वाजतां बारा मिलिग्रॅम व पहांटे पांच वाजतां दोन मिलिग्रॅम असे आंकडे येऊं शकतात, आणि ते दोन्ही खरे असतात. कोष्टकांत ३० अंशास ७.३ असतां बारा कसे आले, म्हणून यंत्र फेकून देण्याचें कारण नाहीं. भर उन्हांत दाट हिरवें पाणी आपल्या मर्यादेहून अधिक प्राणवायु कांहीं काळ धरून ठेवतें. उलट दुपारचा तो आंकडा पाहून निश्चिंत होणें ही मोठी चूक. जितका दुपारचा आंकडा उंच तितकी पहांटेची घसरण खोल असण्याचा संभव. मासे पहांटे मेले, गांवकरी दुपारीं जमले, कोणी यंत्र आणलें व त्यानें आठ मिलिग्रॅम दाखविले, तर त्यावरून रात्रींही प्राणवायु होता असें सिद्ध होत नाहीं. विषाचा आरोप करण्यापूर्वीं पुढील पहांटेचा आंकडा घ्यावा; पुष्कळदां संशयाचें निरसन तेथेंच होतें.

श्रावण-भाद्रपदांत सलग तीन-चार दिवस ढग राहिले तर वनस्पतींचें काम मंदावतें व प्राणवायु दिवसाही चढत नाहीं. वादळी पावसानें तळचें निकृष्ट पाणी वर आलें तरी आंकडा एकाएकीं पडतो. अशा वेळीं यंत्र बिघडलें असें समजून कळा दाबीत बसणें म्हणजे धोक्याची हांक मारणाऱ्यास गप्प करणें होय. तसेंच पृष्ठभागाजवळील व तळाजवळील पाण्यांत मोठा फरक असतो. तारेवर हातहाताच्या अंतरानें खुणा कराव्या व प्रत्येक वेळीं एक आंकडा वरून हातभर खोलीवर आणि दुसरा तळापासून हातभर वर घ्यावा.

आणि यंत्रापूर्वींचे साक्षीदार विसरूं नयेत. पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडूं मिटूं लागले, गोगलगाई कांठावर चढूं लागल्या, झिंगे कडेला गोळा झाले, तर यंत्र कांहींही सांगो, तत्काळ पंप लावून पाणी उंचावरून उडवावें आणि त्या दिवशीं खाद्य व शेण टाकणें बंद ठेवावें. यंत्राची चौकशी त्यानंतर करावी. मासा प्राणवायूच्या बाबतींत खोटें बोलत नाहीं.

विहिरींतील हवेचें यंत्र

याच जातीचें दुसरें यंत्र हवेंतील प्राणवायु मोजतें. जुनी विहीर उपसतांना किंवा गोबरगॅसची टाकी साफ करतांना तें वापरलें जातें. तेथें चुकीच्या आंकड्यानें माशाऐवजीं माणूस जातो. म्हणून दोन शब्द.

मोकळ्या हवेंत या यंत्रानें २०.९ दाखविलें पाहिजे. आषाढांतील उष्ण व दमट हवेंत वाफ जागा व्यापते, त्यामुळें २०.१ पर्यंत आंकडा उतरला तरी तें नवल नव्हे. त्याहून फार खालीं असेल तर जुळवणी करावी. ती यंत्र वापरावयाच्या गांवींच करावी, कारण समुद्रकांठीं जुळविलेलें यंत्र आपल्या उंचीवर कमी दाखवील. यांतील घट शिशाच्या झिजेवर चालतो व कपाटांत पडून राहिला तरी साधारण दोन-तीन वर्षांत संपतो. दर वेळीं जुळवणीनें ओढून ताणून २०.९ करावे लागत असतील तर घटाचें आयुष्य सरत आलें असें जाणावें. यंत्र जिवंत आहे हें पाहण्यास त्यावर सावकाश फुंकर घालावी: उच्छ्वासांत प्राणवायु शेंकडा सोळा-सतराच असतो, म्हणून आंकडा झरझर उतरून पुन्हां चढला पाहिजे. जो हालत नाहीं त्या यंत्राच्या भरंवशावर कोणासही खालीं सोडूं नये.

निर्दोष यंत्रासही एक मर्यादा आहे. विहिरींत शेंकडा पांच कार्बन डायऑक्साइड सांचला तर प्राणवायु २०.९ वरून १९.९ वरच येतो. धोक्याची सामान्य रेषा १९.५ ही आहे. म्हणजे यंत्र स्वस्थ राहील व माणूस गुदमरेल. सडक्या अंड्याच्या वासाचा वायु तर त्यास दिसतच नाहीं. म्हणून यंत्र दोरीनें तळापर्यंत सोडून पाहावें, पंख्यानें भरपूर हवा आंत खेळवावी, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर दोन माणसें उभीं ठेवावीं, आणि आंतला पडला म्हणून वरच्यानें तसेंच उडी घेऊं नये.

नोंदवही

शेवटीं एक स्वस्त उपाय. यंत्राच्या पेटींत एक लहान वही ठेवावी. तींत तारीख, वेळ, आकाश कसें होतें, पाण्याचें उष्णमान, वरचा व तळचा आंकडा, आणि शेवटची हवेची व शून्याची कसोटी केव्हां घेतली, इतकें लिहावें. महिना-दोन महिन्यांत आपल्या बोडीचा स्वभाव त्या वहींत उतरतो. मग आंकडा एकाएकीं बदलला तर पाणी बदललें कीं यंत्र, हें वहीच सांगते: पाणी बदललें असेल तर पहांट व दुपार यांतील चढउतार कायम राहतो, यंत्र बिघडलें असेल तर तो चढउतारही विस्कटतो किंवा सपाट होतो.

यंदा ज्यांनीं बोटुकली सोडली आहे त्यांनीं हवेची कसोटी दर आठवड्यास, शून्याची महिन्यास व विंक्लरची हंगामाच्या आरंभीं एकदां, एवढा नेम ठेवावा. गांवांत एकाच यंत्रावर भातवाले व मासेवाले दोघेही अवलंबून असतील तर या कसोट्या दोघांच्या समक्ष घ्याव्या व वहींत दोघांनींही सही करावी. ज्या मापाची पारख सर्वांनीं मिळून केली त्याच्या आंकड्यावरून पुढें भांडण उठत नाहीं.